ड्रायव्हर अपडेट केल्यापासून १६५ हर्ट्झ गायब, यादीत फक्त ६०

लग्नफिल्म_भुसावळ | सोमवार, रात्री ११:२०

राम राम मंडळी. मी भुसावळचा. लग्नाच्या फिल्मा एडिट करतो, काम घरूनच चालतं. दिवाळीत २७ इंची मॉनिटर घेतला, २५६० × १४४०, १६५ हर्ट्झचा. शनिवारपर्यंत एकदम मस्त चालत होता. शनिवारी ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, आणि तेव्हापासून रिफ्रेश रेटच्या (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो त्या हर्ट्झच्या) यादीत ५९.९५ हा एकच आकडा आहे. १६५ नाही, १४४ नाही, १२० सुद्धा नाही.

आतापर्यंत केलेलं: डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर रोल बॅक केला, फरक नाही. नवा पुन्हा टाकला, फरक नाही. विंडोज ११ आहे, सगळे अपडेट झालेले. केबल डिस्प्लेपोर्टची आहे, एचडीएमआय नाही.

दिवसाला दहा-अकरा तास मी टाइमलाइनवर माऊस ओढतो. सहा महिने १६५ ची सवय झालेली, आता ६० वर कर्सर अडखळत चालल्यासारखा वाटतो आणि संध्याकाळपर्यंत डोळे जड होतात. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत तीन फिल्मा द्यायच्या आहेत. दुकानदार म्हणतो कार्ड कंपनीकडे पाठवू, पंधरा दिवस धरून चाला. पंधरा दिवस मशीन बंद ठेवणं मला या महिन्यात शक्यच नाही. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा.

चोपडा_३२ | सोमवार, रात्री ११:४१

भाऊ, डीडीयू मारा. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळासकट काढायचा आणि नवा कोरा टाकायचा. रोल बॅकने जुन्या सेटिंग आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी जात नाहीत, त्या तशाच राहतात. माझ्या मित्राचं याच्यानेच सुटलं होतं.

आणि कार्डाचं तापमान बघा. सध्या आपल्याकडे दुपारी ४३-४४ चाललंय, त्याचाही परिणाम असेल.

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

चोपडेकर, डीडीयू चांगलं हत्यार आहे, पण ते शेवटी काढायचं. आणि तापमानाचा इथे संबंध नाही. कार्ड तापलं की आपला वेग कमी करतं, गेम अडकतो, फार झालं तर मशीन बंद पडतं. यादीतून १६५ पुसून टाकणं हे उष्णतेचं काम नाही.

भुसावळकर भाऊ, मी धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, असे मॉनिटर महिन्याला दोन-तीन तरी येतात. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. जुना ड्रायव्हर परत टाकूनही फरक पडला नाही. ड्रायव्हरच गुन्हेगार असता तर जुन्यावर काहीतरी हललं असतं. म्हणून कार्ड पाठवायची घाई करू नका.

ही यादी येते कुठून ते आधी बघू. मॉनिटरच्या पोटात एक छोटी नोंद असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मी कोण, मला कोणकोणतं रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ जमतं, हे त्यात लिहिलेलं असतं. मूळ नोंद १२८ बाइटची, पुढे जोडपानं असतात. केबल जोडली की कार्ड ती नोंद वाचतं. मग कार्ड बघतं की या केबलवरून आत्ता किती डेटा जाऊ शकतो. दोन्हीत बसेल तेवढंच विंडोजच्या यादीत येतं. म्हणजे १६५ गायब होण्याच्या तीन जागा: मॉनिटरची नोंद नीट वाचली गेली नाही, मधला रस्ता अरुंद झाला, किंवा ड्रायव्हरने स्वतःहून काही अडवलं. ड्रायव्हर हा तीनातला एक.

आता एवढं सांगा.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत माहितीचं पान असतं, तिथे काय दिसतं? विंडोज काय म्हणतं यापेक्षा मॉनिटरला प्रत्यक्ष काय मिळतंय ते खरं.

सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे मॉनिटरचं नाव कंपनीच्या मॉडेलसकट येतंय, की जेनेरिक पीएनपी असं काहीतरी?

मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय आहे का, १.१, १.२ वगैरे? ती चुकून १.१ वर गेली असेल तर सगळं इथेच संपलं.

आणि शेवटचं, नीट आठवून सांगा. शनिवारी ड्रायव्हर सोडून आणखी काय बदललं? साफसफाई, टेबल हलवणं, वायरी काढून लावणं, काहीही.

केळीबाग_रावेर | मंगळवार, सकाळी ९:३०

मधेच घुसतो, माफ करा. माझंही ड्रायव्हर टाकतानाच बिघडलं. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. ड्रायव्हर अर्ध्यावर असताना लाईट गेली. इन्व्हर्टर आहे पण मशीन रीस्टार्ट झालंच. आता ६४ हर्ट्झ दिसतंय. साठही नाही, चौसष्ट. हा आकडा कुठून आला?

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ९:४८

रावेरकर, तुमचं प्रकरण वेगळं आणि सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्स खाली काय नाव आहे ते बघा. मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं असेल तर तुमच्या मशीनवर कार्डाचा ड्रायव्हरच नाही. विंडोजने पडद्यावर काहीतरी दिसावं म्हणून आपला कामचलाऊ लावलाय. ६४ हा आकडा त्याचीच खूण, माझ्याकडे आलेल्या अशा मशीनवर बहुतेक वेळा हाच दिसतो. रिझोल्यूशनही बदलू देणार नाही.

तुमच्यासाठी चोपडेकरांचं औषध बरोबर आहे. अर्धवट बसलेला ड्रायव्हर म्हणजे अर्धवट उपटलेलं तण. चोपडेकर, यांना डीडीयूची पद्धत नीट लिहून द्या.

चोपडा_३२ | मंगळवार, सकाळी १०:२२

देतो. रावेरचे दादा, हा क्रम मोडू नका.

कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आधीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. डीडीयूही उतरवून ठेवा. मग नेट काढा, वायर असेल तर वायर, वायफाय असेल तर ते बंद. नेट चालू राहिलं तर रिकामी जागा दिसताच विंडोज स्वतःच्या मनाने एखादा ड्रायव्हर आणून बसवतं.

सेफ मोडच्या आधी एक काम करा, ते मी एकदा विसरलो आणि पूर्ण दिवस गेला. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मोबाईलवर किंवा कागदावर हाताशी ठेवा. सेफ मोडला जाताना ती विचारली जाऊ शकते. खात्याचा पासवर्डही पाठ असू द्या, पिन तिथे चालेलच असं नाही.

मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ आकडा. सेफ मोड आला की डीडीयू चालवा, कार्डाची कंपनी निवडा, क्लीन अँड रीस्टार्ट. मशीन नेहमीसारखं सुरू झालं की उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, मगच नेट जोडा.

आणि लाईटचा भरवसा असेल त्या वेळेलाच करा.

निवृत्त_वायरमन | मंगळवार, दुपारी १२:१५

रावेरना भाऊ, इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक खटका असतो, यूपीएस मोडचा. बहुतेक घरात तो साध्या मोडवर असतो. साध्या मोडवर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात पंखा-ट्यूबला काही होत नाही पण कॉम्प्युटर पडतो. यूपीएस मोडवर टाकला की अदलाबदल लवकर होते. आधी तो खटका बघा, मग बाकीचं.

मला एक विचारायचं आहे. माझा नातू म्हणतो त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा. मी ३४ वर्षं विजेच्या कामात काढली, आपली लाईट ५० हर्ट्झची. मग ५० हर्ट्झच्या लाईटवर १४४ किंवा १६५ कसे चालतात? आणि भुसावळला फ्रिक्वेन्सी खालीवर झाली म्हणून तर असं होत नसेल?

सातपुडा_पायथा | मंगळवार, दुपारी २:४०

आप्पा, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि जुन्या काळात त्याचं उत्तर तुमच्याच बाजूचं होतं. पूर्वीचा काचेच्या नळीचा टीव्ही आपल्याकडे सेकंदाला ५० फील्ड दाखवायचा. विजेच्या ५० शी मेळ राहावा म्हणूनच तसं ठरवलेलं होतं, नाहीतर चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसत. जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे टीव्हीही ६० चा.

आताच्या मॉनिटरमध्ये आलेली वीज आधी डीसी होते. पुढे पडदा किती वेळा ताजा करायचा हे कार्डातून येणाऱ्या घड्याळावर ठरतं, भिंतीतल्या सॉकेटचा त्यात हात नाही. त्यामुळे दीपनगरच्या वीजकेंद्राची वीज ४९.८ असो की ५०.१, मॉनिटर १६५ चा १६५ च राहतो.

भुसावळकर दादा, मी शहाद्याची, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. माझ्याकडेही एकदा ड्रायव्हरनंतर यादी आटली होती. मॉनिटरचं नावही जेनेरिक येत होतं. मशीन बंद केलं, मॉनिटरची वायर भिंतीतून काढली, मॉनिटरचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग सगळं जोडलं. नाव परत आलं, हर्ट्झ परत आले. नुसतं बटण दाबून बंद केल्याने मॉनिटर खरा बंद होत नाही, आतलं सर्किट जागंच असतं आणि तेच कधीकधी अडकून बसतं. फुकटचा उपाय आहे, करून बघा.

लग्नफिल्म_भुसावळ | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. दिवसभर शूटिंगला पाचोऱ्याला होतो, आत्ता बसलो.

ताई, तुमचा उपाय केला. पाच नाही, वीस मिनिटं ठेवलं. फरक नाही.

पांझराकाठ भाऊ, मॉनिटरच्या पानावर २५६० × १४४०, ६० हर्ट्झ असंच आहे. विंडोजमध्ये मॉनिटरचं मॉडेल बरोबर येतंय, जेनेरिक नाही. मेनूत डिस्प्लेपोर्ट १.२ आहे, तीच सगळ्यात वरची.

आणि शनिवारी काय बदललं. ड्रायव्हरचा आणि याचा संबंध असेल असं मनातच आलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. शनिवारी कूलर बसवला. सीपीयू कूलरच्या अगदी समोर येत होता, ओली हवा थेट आत जाणार, म्हणून तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला. मॉनिटरसोबतची केबल तिथपर्यंत पोचत नव्हती. एक ५ मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल मागच्या वर्षी ऑनलाइन मागवून ठेवलेली होती, ती लावली. मशीन उघडंच होतं म्हणून ब्लोअरने धूळ काढली, आणि सगळं जोडून झाल्यावर ड्रायव्हर टाकला. त्यासोबत रंगाची सेटिंग ८ बिटवरून १० बिटवर नेली, कारण एका पार्टीचं फुटेज १० बिटमध्ये शूट झालंय.

पांझराकाठ | मंगळवार, रात्री १०:१०

सापडलं. आत्ताच्या आत्ता सीपीयू उचलून मॉनिटरजवळ आणा, जुनी केबल लावा आणि सांगा. ड्रायव्हरला हात लावू नका. १० बिटलाही लावू नका. फक्त केबल.

लग्नफिल्म_भुसावळ | मंगळवार, रात्री १०:४५

भाऊ! यादी परत आली. ६०, १२०, १४४, १६५, सगळे. चार दिवस मी ड्रायव्हर काढ-घाल करत बसलो होतो.

पण एक आहे. १६५ निवडलं की रंग आपोआप ८ बिटवर येतो. १० बिट हवं तर १२० घ्यावं लागतं. हे अजून काही बिघडलेलं आहे का? आणि केबल खराब होती तर चित्र तरी कसं येत होतं? ६० वर चार दिवसांत एकदाही पडदा काळा झाला नाही, ठिपके नाहीत, काही नाही.

पांझराकाठ | बुधवार, सकाळी ६:३०

आता काही बिघडलेलं नाही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हिशोबात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या दुकानात येणाऱ्या दहातल्या पाच जणांना हा हिशोब माहीत नसतो आणि ते कार्ड बदलायला निघतात.

डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये डेटाच्या चार वाटा असतात. १.२ मध्ये प्रत्येक वाट जास्तीत जास्त ५.४ गिगाबिट नेते. चारींचे मिळून २१.६. त्यातले दर १० बिटांतले ८ च खरे कामाचे, म्हणजे हाती येतात १७.२८.

आता तुमच्या पडद्याला किती लागतात ते बघा. २५६० गुणिले १४४० म्हणजे एका चित्रात ३६ लाख ८६ हजार ४०० पिक्सेल. ८ बिट रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा मिळून पिक्सेलमागे २४ बिट. सेकंदाला १६५ चित्रं. सगळा गुणाकार १४.६ गिगाबिट. शिवाय प्रत्येक ओळीच्या आणि चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडावी लागते, ती धरून साधारण १६.८. १७.२८ मध्ये बसलं, पण जेमतेम.

१० बिट केलं की पिक्सेलमागे ३० बिट. १६५ वर नुसत्या पिक्सेलचेच १८.२५ होतात. मावतच नाही. १४४ वर पिक्सेलचे १५.९, मोकळी जागा धरली की तेही काठाबाहेर जातं. १२० वर पिक्सेलचे १३.३, आरामात बसतं. तुम्हाला जे दिसतंय ते नेमकं हेच. तुमचं कार्ड कितीही नवं असलं तरी मॉनिटरचा पोर्ट १.२ आहे, त्यामुळे रस्ता तेवढाच. १.४ चा मॉनिटर असता तर प्रत्येक वाट ८.१ ची, हाती २५.९२, तिथे १० बिटवरही १६५ बसलं असतं.

आता केबल. तुमचा भाग ठिबकचा, म्हणून तसं सांगतो. ठिबकची नळी सरीत गरजेपेक्षा लांब टाकली की शेवटच्या रोपापर्यंत दाब राहत नाही. पाणी येतं, पण थेंबाथेंबाने. डिस्प्लेपोर्टचंही तसंच, फक्त तो हळूहळू कमी होत नाही, पायरीने उतरतो. केबल जोडली की कार्ड आणि मॉनिटर आधी एकमेकांना चाचणीचे सिग्नल पाठवतात. ५.४ वर चुका फार आल्या तर २.७ वर उतरतात. तिथेही जमलं नाही तर १.६२ वर. तुमच्या ५ मीटर केबलवर ते २.७ वर उतरले. चार वाटा, हाती ८.६४ गिगाबिट. १४४०पी ला ६० वर १० बिटमध्ये पिक्सेलचे ६.६ लागतात, ते बसले. त्याच्या वरचं काही बसलं नाही, म्हणून यादीत एकच आकडा. आणि २.७ वर ती केबल अगदी सुदृढ आहे, म्हणून चित्रात खोट नाही. कमी वेगावर तक्रार नसते, म्हणूनच केबलवर कोणाचा संशय जात नाही.

मॉडेलचं नाव बरोबर येत होतं तेही यामुळेच. ईडीआयडीची नोंद वेगळ्या, हळू चालणाऱ्या तारेवरून वाचली जाते. ती ५ मीटरवरूनही वाचता येते.

ही उतरणारी पायरी ध्यानात ठेवा. १०८०पी चा १६५ वाला मॉनिटर असेल तर २.७ वर उतरल्यावर तिथे १४४ येतात आणि १६५ जातात. तिथे तर माणसाला वाटतं की विंडोजचंच काहीतरी आहे.

सातपुडा_पायथा | बुधवार, सकाळी ८:१५

हे इतकं स्वच्छ मी कुठे वाचलं नव्हतं. एक भर घालते. केबल घेताना २० नंबरच्या पिनचं लक्षात ठेवा. त्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. नियमाप्रमाणे दोन उपकरणं जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ती पिन जोडलेली नसावी. काही स्वस्त केबलींत ती जोडून टाकतात, मग मॉनिटरमधून कार्डात वीज शिरते. मशीन बंद केल्यावरही आतले दिवे मिणमिणत राहणं किंवा मशीन एका झटक्यात सुरू न होणं, ही त्याची लक्षणं.

१० बिटबद्दल माझं मत सांगू का दादा? अनेक मॉनिटर १० बिट म्हणतात तेव्हा पॅनेल ८ बिटचंच असतं आणि उरलेल्या छटा दोन रंग भराभर आलटूनपालटून दाखवून भासवतात. तुमच्या मॉनिटरचं काय आहे ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. फुटेज १० बिट असलं तरी एडिटिंगचं सॉफ्टवेअर आतला हिशोब मॉनिटरच्या सेटिंगवर ठेवत नाही, मॉनिटर ८ वर असला म्हणून फाइलमधलं काही कमी होत नाही. फरक फक्त तुम्हाला दिसणाऱ्या चित्रात, तोही आकाशाच्या किंवा धुराच्या सौम्य छटेत पट्टे दिसतात तिथे.

लग्नफिल्म_भुसावळ | बुधवार, दुपारी १:३०

ताई, हे कळून मोठं ओझं उतरलं. म्हणजे कटिंग करताना १६५ आणि ८ बिट, कलर करायला बसलो की १२० आणि १० बिट. असंच करतो.

पांझराकाठ जिभाऊ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कार्ड पाठवलं असतं तर तीन घरांना आखाजीला फिल्म मिळाली नसती.

शिरपूर_सायबर | बुधवार, सायंकाळी ५:२०

मन्हं बी असंच व्हयेल शे, पण एचडीएमआयवर. मॉनिटर १०८०पी, १४४ चा. ड्रायव्हर नवा टाकला तर १२० च्या वर जात नाही. केबल दीड मीटरचीच आहे, बदलूनही पाहिली.

पांझराकाठ | बुधवार, सायंकाळी ६:००

भाऊ, एचडीएमआयवर कार्डाचा ड्रायव्हर कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशन बदलायच्या पानावर यादीचे दोन गट दिसतील. वर टीव्हीवाले, अल्ट्रा एचडी, एचडी, एसडी या नावाखाली. तिथला १०८०पी निवडला तर १२० पर्यंतच मिळतं. यादी खाली सरकवा, पीसी नावाचा दुसरा गट आहे. त्यातला १९२० × १०८० निवडा, १४४ तिथे असेल. नवा ड्रायव्हर टाकल्यावर निवड परत वरच्या गटात जाऊन बसते, म्हणून तुम्हाला वाटलं अपडेटने बिघडवलं.

तिथेही नसेल तर मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट १.४ चा असणार. त्याची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक, आणि १०८०पी ला १४४ साठी साधारण तेवढेच लागतात. काही मॉनिटर ते जमवतात, काही १२० वर थांबतात. मग डिस्प्लेपोर्टची केबल लावायची, दुसरा उपाय नाही. आणि केबल मदरबोर्डाच्या पोर्टात तर नाही ना तेही बघा. सायबरमध्ये साफसफाईनंतर हे मी तीनदा पाहिलंय. कार्डाचे पोर्ट खाली आडवे असतात, मदरबोर्डाचे वर उभे.

शिरपूर_सायबर | बुधवार, सायंकाळी ६:४०

पीसीवाल्या गटात होतं. चार मशीनवर केलं, चारीवर १४४ आलं. भलं व्हवो तुम्हनं.

केळीबाग_रावेर | गुरुवार, सकाळी ११:००

माझंही झालं. आप्पांनी सांगितलेला खटका साध्या मोडवरच होता, यूपीएसवर केला. मग मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला, मशीन चालूच राहिलं. त्यानंतर चोपड्याच्या भावाने लिहिल्याप्रमाणे केलं. रिकव्हरी की खरंच विचारली! हाताशी नसती तर तिथेच अडकलो असतो. आता १४४ आहे. विंडोजच्या आकड्यावर न थांबता मॉनिटरच्या मेनूत जाऊन बघितलं, तिथेही १४४.

निवृत्त_वायरमन | गुरुवार, दुपारी १२:३०

बरं व्हयनं.

भुसावळवाले भाऊ, आता सीपीयू परत कूलरसमोर ठेवू नका. कूलरची हवा ओली असते आणि आपल्याकडच्या पाण्यात क्षार. दोन उन्हाळ्यांत बोर्डावर पांढरा थर बसतो, मी पंपाच्या स्टार्टरमध्ये बघितलाय. केबल वाढवण्यापेक्षा टेबल हलवा.

लग्नफिल्म_भुसावळ | शनिवार, रात्री १०:१५

आप्पा, टेबलच हलवलं. मॉनिटर, सीपीयू दोन्ही आता खिडकीच्या बाजूच्या भिंतीला, कूलर समोरच्या दाराकडे तोंड करून. सीपीयू मॉनिटरपासून हातभर अंतरावर. आज जळगावला गेलो होतो, गोलाणी मार्केटमधून २ मीटरची चांगली केबल जादा म्हणून घेतली. दुकानातच त्यांच्या १४४०पी मॉनिटरला लावून १६५ येतंय का ते बघितलं, मगच पैसे दिले. ५ मीटरवाली केबल घरच्या दुसऱ्या मशीनच्या मॉनिटरला लावली, तिथे १०८०पी ६० वर ती नीट चालते.

नवा ड्रायव्हर आहे तोच ठेवलाय. पहिली फिल्म आज रात्री एक्सपोर्टला लावतोय.